खंड्याची पाठ

“पाठीला अख्खी फळी लावू नका. आज छान दिसेल, पण हवा कोरडी झाली की तुमच्या पक्ष्याचे दोन तुकडे करून ठेवेल.”

हे तो पहिल्याच भेटीत म्हणाला होता. आणि तिने मान तिरकी करून म्हटलं होतं, “बघू.”

बघू! या एका शब्दावर तिचा सगळा कारभार चालायचा. मावशी वैतागायची. “तुझं ‘बघू’ म्हणजे पाहुण्याला उंबऱ्यावर उभं करून ठेवणं. धड आत ये म्हणायचं नाही, धड जा म्हणायचं नाही.” ती हसायची आणि पुन्हा म्हणायची, “बघू गं मावशी.”

पण आधी ती भेट.

लाकडाच्या वखारीत एका कोपऱ्यात उरल्यासुरल्या तुकड्यांचा ढीग असायचा. बाहेर पत्र्यावर पावसाची संथ टिपटिप चालली होती. ती ढिगासमोर उकिडवी बसून प्लायवुडचा एकेक तुकडा नाकाशी नेत होती. उचलायचा, हुंगायचा, नाक मुरडायचं, बाजूला ठेवायचा. मग पुढचा.

“पिकलाय का?”

ती दचकून मागे वळली. उंच माणूस. चिखलाने माखलेले बूट, काखेत गुंडाळलेले नकाशे. चेहरा अगदी गंभीर, फक्त डोळे हसत होते.

“काय म्हणालात?”

“खरबूज असं हुंगून घेताना पाहिलंय मी. प्लायवुड पहिल्यांदाच पाहतोय.”

“याच्यातल्या गोंदाचा वास येतो,” ती जरा घुश्शातच म्हणाली. “माझ्या मुलीच्या पलंगावरच्या भिंतीला लागणार आहे हे. तिला धाप लागते. वास चालत नाही, धूळ चालत नाही...”

“आणि अनोळखी माणसं?”

“ती तर मुळीच नाही.”

“मग ओळख करून घ्यायला हवी,” तो म्हणाला आणि सरळ तिच्या शेजारी उकिडवा बसला.

गल्ल्यावरच्या काकूंनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुन्हा शांतपणे सुतळी गुंडाळायला घेतली. वखार त्यांचीच. मागच्या खोलीत त्यांनी दोन टेबलं, एक बारीक पात्याची करवत आणि लाकूड आवळून धरायच्या क्लॅम्पची एक पेटी ठेवली होती. ज्यांना घरी जागा नाही त्यांनी तिथे येऊन ठोकाठोक करावी. ती गेले काही आठवडे तिथे येत होती. वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांचे तुकडे कापून, घासून, गोल करून एकमेकांत बसवायचे आणि त्यांतून चित्र उभं करायचं, असला नाद तिला लागला होता. रंग द्यायचा नाही, लाकडाचाच रंग वापरायचा. पहिलंच चित्र होतं : खंड्या. अक्रोडाच्या गडद तुकड्याचं डोकं, तांबूस लाकडाचं पोट, पांढुरक्या लाकडाचा गळा. लेकीची फर्माईश होती ती. लेक, म्हणजे भिंगरी. नाव दुसरंच होतं, पण एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून भिंगरी.

तुकडे तयार झाले होते. आता ते सगळे कशावर तरी चिकटवायचे होते. चित्राला पाठ हवी होती. आणि त्या पाठीपाशी ती अडली होती. बोलता बोलता तिने हे सगळं त्याला सांगून टाकलं.

“एमडीएफ, तो भुशाचा दाबलेला बोर्ड?” त्याने विचारलं.

“कापताना पिठासारखी धूळ उडते. ती कपड्यांवरून घरी जाते.”

“हार्डबोर्ड?”

“दमट हवेत फुगतो म्हणे.”

“प्लायवुडला वास. मग राहिलं काय, आभाळ?”

“ही.” तिने मागून एक फळी ओढून काढली. पातळ, फिकट, सरळ रेषांची. तिला कसलाच वास नव्हता. तिने ती छातीशी धरली, जणू कुणी हिसकावून नेणार होतं. तेव्हाच त्याने तो इशारा दिला.

“लाकूड झाडातून निघालं तरी शांत बसत नाही हो. ओल्या हवेत रुंद होतं, कोरड्या हवेत आकसतं. वर तुमचा पक्षी घट्ट चिकटवलेला, खाली ही फळी अंग चोरतेय... कुणीतरी फाटणारच. प्लायवुडचे थर उभे-आडवे असतात, एकमेकांना धरून ठेवतात. काकूंकडे चांगल्यातलं मागवा, दोन-चार दिवस उन्हात ठेवा, मग दोन्ही बाजूंनी पॉलिश करा. वास आतच कोंडला जाईल. फक्त दोन्ही बाजूंनी, हं. एकाच बाजूने केलंत तर वाकेल.”

“तुम्ही सुतार आहात?”

“पूल बांधतो. पण गोष्ट तीच. पूलसुद्धा ऋतूप्रमाणे हलतो, म्हणून आम्ही त्यात मुद्दाम फटी ठेवतो.”

“आणि लोक पडत नाहीत त्या फटींत?”

“फार वाकून हुंगणारे पडत असतील.”

ती हसली. हसायचं नव्हतं, तरी हसली. आणि म्हणाली, “बघू.”

फळी घेऊनच ती बाहेर पडली.

तो पूलवाला त्यानंतर मागच्या खोलीत वरचेवर दिसू लागला. मोजमापाच्या उपकरणांसाठी त्याला एक पेटी करायची होती म्हणे. कसली पेटी! एक कड घासायला घ्यायचा आणि संध्याकाळभर तीच घासत बसायचा. काकू एकदा म्हणाल्याच, “अहो, त्या कडेचा आता कागद व्हायला आला.” त्याने कड उजेडात धरून पाहिली आणि शांतपणे सांगितलं, “अजून जरा खडबडीत आहे, काकू.”

मावशी भिंगरीला सांभाळायची, तेवढाच तिचा वेळ. त्या वेळात पॉलिश पेपरची खसखस असायची, खिडकीबाहेर ओला रस्ता असायचा, आणि दोन टेबलांमधलं ते अंतर. तो कधी काही न बोलता खिडकी उघडायचा, धूळ तिच्याकडे येऊ नये म्हणून. कधी तिची पेन्सिल हरवायची. टेबलाखाली, पिशवीत, सगळीकडे ती शोधायची, आणि तो स्वतःच्या कानाला बोट लावून दाखवायचा. पेन्सिल तिच्याच कानावर असायची.

एक दिवस तो तिच्या दुकानात आला. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम होतं तिचं. तो गपचूप खुर्चीवर बसला.

“काय त्रास आहे?”

“हल्ली लक्ष एकाच ठिकाणी जातं.”

“शेवटची ओळ वाचा.”

त्याने घडाघडा वाचली. तिने एक भिंग लावलं, मग दुसरं. “पहिल्यातून स्पष्ट दिसतंय की दुसऱ्यातून?”

“काय बघायचंय त्यावर अवलंबून आहे.”

“समोर. तक्त्याकडे.”

“तक्ता जरा आड येतोय हो...”

भिंग बदलताना तिची बोटं त्याच्या कपाळाला ओझरती लागली आणि तिने तेच भिंग पुन्हा पुसायला घेतलं. “तुमची नजर उत्तम आहे,” तिने शेवटी डॉक्टरी आवाजात जाहीर केलं. “पुन्हा यायची गरज नाही.”

“हे फार वाईट झालं,” तो म्हणाला आणि निघून गेला. पण त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येकाला तिने तीच ओळ दोनदा वाचायला लावली.

मग चिकटवायचा दिवस आला. फळी खंड्यापेक्षा थोडी आखूड कापली होती, कडा बाजूने दिसू नयेत म्हणून. तिने गोंद घेतला आणि थापला. अगदी काठापासून काठापर्यंत.

“अहो, एवढा नको,” तो न राहवून म्हणाला. “मधे मधे ठिपके दिलेत तरी पुरे. थोडी मोकळीक राहू द्या.”

“तुकडा सुटून तिच्या तोंडावर पडला तर?”

“एवढासा तुकडा...”

“तुम्हाला मूल नाही, म्हणून असं बोलता.”

शब्द तोंडातून गेला आणि तिला चटका बसला. त्याने पेटीतला एक क्लॅम्प उचलून तिच्यासमोर धरला, मग दुसरा, मग तिसरा. तिला हवं तसं घट्ट आवळायला तोच मदत करत राहिला.

खंड्या पलंगावरच्या भिंतीला लागला, तो लावायला पूलवालाच आला होता. भिंगरीने त्याला दारातच अडवलं. “तुम्हीच का ते पूलवाले काका? आई तुमचं नाव घेते आणि मग गप्प बसते.”

मावशी स्वयंपाकघरातून खोकली. ती खोकला आल्याची खूण नव्हती.

थंडीच्या तोंडावर पुलाचं काम संपलं. नवं काम फार लांब होतं, एका रुंद नदीच्या पलीकडच्या काठावर. जायच्या आदल्या संध्याकाळी दोघं नव्या पुलावरून चालत गेली. कठड्यावर हात ठेवून तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. त्याचा हात तिच्या हाताच्या अगदी जवळ होता... पण लागला नाही.

“मला फिरवून बोलता येत नाही,” तो म्हणाला. “तिथे राहायला जागा मिळते. दोघींना पुरेल एवढी. हवा चांगली आहे, धूळ नाही. दवाखाना कुठे आहे ते विचारून ठेवलंय मी... भिंगरीसाठी. याल का?”

भिंगरी रांगायला लागायच्या आधीच तिचे बाबा दुसरीकडे संसार थाटून मोकळे झाले होते. तेव्हापासून तिने मनाशी पक्कं केलं होतं : ज्याला निघून जाता येतं त्याच्यावर लेकीचा भार टाकायचा नाही. स्वतःचा तर नाहीच नाही. आता हा माणूस दवाखान्याची चौकशी करून आला होता. ‘हो’ अगदी ओठांवर होतं.

“बघू,” ती म्हणाली.

तो हसला. डोळे मात्र हसले नाहीत. “बघा,” म्हणाला. “मी आहेच.”

तो गेल्यावर कळलं, दोन टेबलांची खोली केवढी मोठी होती ते. तिने तिथे जाणं सोडलं. पण घरी काम करताना उगाच खिडकी उघडायची, आणि कानावरची पेन्सिल काढून पुन्हा तिथेच ठेवायची. तो रोज संध्याकाळी फोन करायचा. बोलायचे काय? जेवण, नदी, भिंगरीचा पडलेला दात. त्याने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. तो विचारेल या भीतीने तिला फोन उचलवत नसे, आणि नाही विचारला की फोन ठेवल्यावर तिथेच बसून राहावंसं वाटे.

“विचारत नाही म्हणून रुसलीस, आणि विचारलं तर ‘बघू’,” मावशी म्हणाली. “त्या बिचाऱ्याने करायचं तरी काय? पुलावरून उडी मारायची?”

“मावशी!”

“मी काय म्हातारीकोतारी. मला भिंगरीला सांभाळायचा कंटाळा आलाय असं समज आणि जा.”

मावशीला कंटाळा कसला येतोय! आता भिंगरी जाईल या विचारानेच तिचे डोळे भरायचे.

मग कोरडे दिवस आले. ओठ फुटायला लागले, दारं सैल झाली. एका दुपारी भिंगरी झोपली होती आणि ती बाजूच्या खोलीत कपडे घडी करत होती. तेवढ्यात आवाज आला : टक्! फांदी मोडावी तसा. ती धावली. भिंगरी डोळे चोळत उठून बसली होती. वर खंड्याला मानेपासून शेपटीपर्यंत सरळ भेग गेली होती. एकही तुकडा सुटला नव्हता. गोंद घट्टच होता. इतका घट्ट, की आकसायला जागाच न उरलेली फळी मधोमध फाटली होती आणि वरच्या लाकडालाही घेऊन गेली होती.

“आई, काका रागावतील?”

“बघ—” ती म्हणता म्हणता थांबली. “रागावतील. रागवायलाच हवं.”

संध्याकाळी तिने त्याला सांगितलं. आता तो म्हणणार, ‘मी सांगितलं नव्हतं?’ भिंगरीच्या बाबांनी तेच म्हटलं असतं, आणि मग आठवडाभर म्हणत राहिले असते.

“आवाज फार मोठा झाला का?” त्याने विचारलं. “भिंगरी दचकली नाही ना?”

फोन कानाशी तसाच धरून ती भिंतीला टेकून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती वखारीत गेली. काकूंनी न विचारता पातळ, चांगल्यातलं प्लायवुड काढून दिलं. तिने ते गच्चीवर उन्हात ठेवलं. फुटके तुकडे जपून सोडवले, दोन-तीन नव्याने कापले. पाठीच्या दोन्ही बाजूंना पॉलिश केलं, वाळू दिलं, नाक लावून पाहिलं, पुन्हा वाळू दिलं. आणि मग गोंदाचे ठिपके दिले. लहान लहान, मधे जागा सोडून. प्रत्येक ठिपका देताना वाटत होतं, अजून जरा... अजून थोडा... पण तिने बाटलीचं झाकण लावून टाकलं. खंड्या पुन्हा भिंतीवर गेला. त्या रात्री, एखादा तुकडा सुटला तर नाही ना, हे बघायला ती उठली नाही.

त्याला हे सगळं सांगायचं होतं. आणि तेही सांगायचं होतं, पुलावर ओठांवरच राहिलेला तो एक शब्द. उद्याच्या फोनवर सांगू. नको, फोनवर कसलं, तो आला की सांगू. असं करत डोंगराकडे पाऊस सुरू झाला आणि नदी चढायला लागली.

एका संध्याकाळी तो बोलत होता. यंदा पाणी लवकर आलं, पत्र्याच्या खोल्या गळतात, गंमत आहे नुसती. ती ऐकत होती, पण शब्द ऐकत नव्हती. शब्दांच्या मधलं ऐकत होती. वाक्य अर्धवट तुटत होतं. मधे बारीकशी शिट्टी वाजत होती. एवढी वर्षं भिंगरीच्या उशाशी बसून तिने दुसरं ऐकलं काय होतं?

“तू धापा टाकतोयस,” ती म्हणाली.

“छे, जरा... सर्दी झालीय.”

“ताप आहे. खरं सांग.”

“तू म्हणालीस मला...” त्याच्या आवाजात हसू होतं, आणि हसताहसता खोकला सुरू झाला. थांबेचना. आणि त्या क्षणी तिला कळून चुकलं. लेकीशिवाय जगात आणखी एका माणसाचा श्वास ती मोजत होती. आता कसलं बघायचं राहिलं होतं?

“ऐक. मी येते आहे. आम्ही दोघी येतोय. ऐकू येतंय ना—”

फोन तुटला. पुन्हा लावला, लागला नाही. सकाळी लागला नाही. बातमीत सांगत होते, पाण्याने त्या भागातले टॉवर बंद पडलेत.

मावशीने पिशवी भरली. औषधं, भिंगरीची वाफ घ्यायची नळी, लोकरीचा एक मोठा मफलर. “हा तिच्यासाठी नाही,” मावशी खाली बघत म्हणाली, “त्याच्या मापाचा आहे. कधीच विणून ठेवला होता. तूच उशीर केलास.”

बस नदीपर्यंत गेली. पुढे नाही. होडीच्या धक्क्यावर दोर आडवा बांधलेला, तिकिटाची खिडकी बंद. आत बसलेल्या बाईंनी मान हलवली. “पाणी उतरेपर्यंत होडी नाही हो. उद्या, परवा... कुणी सांगावं.”

“पण तिकडे आजारी माणूस आहे.”

“कोण तुमचं?”

आजवर या प्रश्नाला तिने नेहमी घोटाळत उत्तर दिलं होतं. ओळखीचे आहेत. वखारीत भेटतात. या वेळी तिने घोटाळायला वेळच घेतला नाही.

“माझं माणूस आहे,” ती म्हणाली.

बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून भिंगरीच्या गालाला लावला आणि धक्क्यालगतच्या खोलीची किल्ली दिली. “राहा इथे. आतून कडी लावा. पाणी उतरलं की पहिली होडी तुमची.”

ती आता तिथेच आहे. समोर गढूळ, रुंद पाणी. पलीकडे धुक्यात त्याच्या पुलाच्या कामावरच्या पिवळ्या क्रेनचं टोक दिसतं, कधी तेही दिसत नाही. भिंगरी मफलरात गुरफटून झोपलेली असते, आणि ती तिच्या श्वासाकडे कान ठेवून नदीकडे बघत बसलेली असते.

तिला तुमच्याकडे एक मागायचंय. तुमच्यापैकी कुणी त्या काठावर राहत असेल, किंवा तिकडे कुणी ओळखीचं असेल, तर एवढं करा. पिवळ्या क्रेनच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची रांग आहे. शेवटच्या खोलीचं दार वाजवा. तो उठून येईल, हसेल, म्हणेल, ठीक आहे मी. तिचा निरोप त्याला देऊ नका. तो तिला स्वतःच्याच तोंडाने द्यायचा आहे. आणि तो ठीक आहे म्हणाला म्हणून परतही फिरू नका. त्याला बसवा. पुलाबद्दल काहीही विचारा, तो बोलत सुटेल. तुम्ही शब्दांकडे लक्ष देऊ नका. वाक्याच्या मधे श्वासासाठी थांबतो का, तेवढं नीट ऐका.